कडक ते बाजूला

पाय परत मागायला आलेलं माणूस वसुधा तळपदेने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही पाय अजून जागच्या जागी असताना. गुरुवारची सकाळ, सव्वादहाचा सुमार. घाटकोपरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर जिथे औषधांच्या दुकानाचा वास संपतो आणि फॉर्मॅलिनचा सुरू होतो, तिथल्या दारात एक ठेंगणी, सावळी बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तुमीच काय ती तुकडे बघणारी?" वसुधाने सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच "हो" म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं ती तुकडेच बघत आली होती. पोटातले, मानेतले, छातीतले, नखाएवढे, लिंबाएवढे, एकदा तर चांगला कलिंगडाएवढा. त्यांवर नाव नसे, नंबर असे. तुकड्यामागचं माणूस वरच्या मजल्यांवर कण्हत, हसत, डबा खात असे आणि तिचा त्याच्याशी काही संबंध नसे. या दारात येणारे म्हणजे बरण्या घेऊन येणारे वॉर्डबॉय, रिपोर्टची घाई करणारे शिकाऊ डॉक्टर आणि एक मांजर. "मगे माका सांगा," बाई म्हणाली, "सोमवारी माज्या झिलाचो पाय कापतले, तो मागसून खंय नेतत? तो माका व्हयो." आता मात्र वसुधाने डोकं वर केलं.

बाईच्या मागे बाकावर एक बाविसेक वर्षांचा मुलगा डावा पाय सरळ लांब करून बसला होता. शेजारी काठी होती. शर्टाची वरची बटणं उघडी, आत लाल बनियन आणि त्यावर कुठल्याशा कांजूरच्या क्रीडा मंडळाचं अर्धं नाव. "आये, गप रव गो," तो म्हणाला आणि वसुधाकडे बघून ओशाळं हसला. "सॉरी हां मॅडम. वरून हिला सगळ्यांनी हाकललं, म्हणून खाली आली. हिचं म्हणणं, अंगाचा एवढा मोठा भाग असा कुठेपण टाकायचा नाय. गावाला नेऊन नीट अग्नी द्यायचा. मी म्हटलं, एस्टीत त्याचं तिकीट फुल काढायचं की हाफ?" या विनोदावर तो एकटाच हसला, आणि हसून झाल्यावर भिंतीवरच्या पालीकडे बराच वेळ बघत राहिला. वसुधाने नाव विचारलं. गुणाजी घाडी. वडील गिरणीत होते, संपानंतर भांडुपला एका सोसायटीत वॉचमन, आई शेवंती. या सगळ्यातलं वसुधाला फक्त "घाडी" ऐकू आलं. गेल्या शनिवारी एकशे चौदा नंबरच्या कागदावर तिने सही केली होती. डाव्या मांडीतील गाठ. ऑस्टिओसारकोमा. हाडाचा कॅन्सर, सगळ्यात खुनशी जातीचा. तिच्या त्या एका शब्दावर वरच्या मजल्यावर सोमवारचं टेबल राखून ठेवलं होतं.

आता तिला आठवलं की त्या शनिवारी काहीतरी खटकलं होतं. घासात बारीक खडा यावा, जेवणाऱ्याने क्षणभर थांबावं आणि मग पंगतीत चारचौघांत काढायचा कसा म्हणून गिळून टाकावा, तसं तिने ते गिळलं होतं. पेशी घाईत होत्या हे खरं. जिकडेतिकडे दुभंगत होत्या, मध्येमध्ये कच्च्या हाडाचे गुलाबी धागे सोडत होत्या, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पण त्यांचे चेहरे माजलेले नव्हते. खऱ्या दुष्ट गाठीत एक पेशी दुसरीसारखी नसते, प्रत्येकीचा अवतार वेगळा. इथे सगळ्या एकाच घरच्या दिसत होत्या. तिने फॉर्म पुन्हा पाहिला होता. "मार लागल्याचा इतिहास" या रकान्यात शिकाऊ डॉक्टरने ठसठशीत "नाही" लिहिलं होतं. नाही तर नाही. आणि तिने सही केली होती, कारण बाहेर शनिवारचं अर्ध्या दिवसाचं वारं सुटलं होतं आणि त्या दिवशी शेजारच्या क्षमाकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. हे कारण आता तिला आतून चावलं.

"कबड्डी खेळतोस?" तिने विचारलं. खरं म्हणजे पायाचं काय करतात या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टळावं म्हणून विचारलं.

"डावा कोपरा," गुणाजी म्हणाला. पाठ आपोआप ताठ झाली. "जिल्ह्यात नाव आहे मॅडम आपलं. म्हणजे होतं."

"मांडीला कधी मार लागला होता?"

"नाय. कधीच नाय. वरच्या डॉक्टरांनी पण विचारलेलं."

"काहीच नाही? पडलास, आपटलास?"

"छे. ते एक नाताळात भांडुपला सामना होता, त्यात त्यांच्या चढाईवाल्याचा गुडघा बसला इथे. पूर्ण वजनात. आठ दिवस काळंनिळं होतं. पण तो मार नाय ना मॅडम. मार म्हणजे हात मोडला, डोकं फुटलं. हे खेळातलं. आणि पकड सोडली नाय आपण, पॉइंट आपल्यालाच मिळाला."

शेवंतीने मान डोलावली. पॉइंट मिळाला होता हे तिलाही ठाऊक होतं. "मी तेल लावन रोज चोळतंय," तिने भर घातली. वसुधा बोटांवर दिवस मोजू लागली. नाताळ ते बायॉप्सी, तीन आठवडे. तिने ते पुन्हा मोजले. दस्तूर सर, ज्यांच्या हाताखाली ती हे शास्त्र शिकली, ते एका आजाराबद्दल म्हणायचे, हा तुला जन्मात दोनदा भेटेल आणि दोन्ही वेळा सोंग घेऊन येईल. मुका मार बसलेल्या स्नायूत शरीर गोंधळून हाड घालायला घेतं. नाव लांबलचक लॅटिन, पण माणूस निरुपद्रवी. नुसतं स्वस्थ पडू दिलं तर आपोआप निवतो. फक्त दिसतो हुबेहूब खुन्यासारखा, आणि त्याच्या दिसण्यापायी जगात किती पाय गेले असतील याची गणती नाही.

"पायाचं मी बघते," ती शेवंतीला म्हणाली. "सोमवारी सकाळी इथेच या. आणि तोवर चोळू नका." शेवंतीला वाटलं, चला, एक तरी शहाणी बाई भेटली, पाय राखून ठेवणार. ती हात जोडून समाधानाने गेली. वसुधाला तिला थांबवावंसं वाटलं, पण तिने थांबवलं नाही. आशा लावायची, तर आपल्या हातात आहे काय?

हातात खरोखर काय आहे, हे काशीरामला माहीत. काशीराम म्हणजे तिचा तंत्रज्ञ. तुकडे मेणात बसवायचे, मशीनवर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर रंगवून तिच्यापुढे ठेवायचे, हे त्याचं काम. मशीनची ती जाड पोलादी सुरी तो रोज सकाळी स्वतः दगडावर लावी आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर इतक्या मायेने फिरवी की त्याच्या बायकोने, सुंदराबाईने, एकदा डबा द्यायला आली असताना तोंडावर पदर घेऊन म्हटलं होतं, माझ्या वाटचं प्रेम ते हे. एकाहत्तर साली वसुधाने हाडाची कणी असलेला तुकडा न सांगता मशीनवर पाठवला होता आणि सुरीला दात पडला होता. काशीराम चार दिवस बोलला नव्हता. तेव्हापासून त्या खोलीत एक कायदा होता, कुठे लिहिलेला नव्हता पण दोघांच्या हाडीमाशी भिनलेला. कडक ते बाजूला. बरणीतून तुकडा निघाला की काशीराम नखाने चाचपून सांगे, "हे मऊ, हे कडक." मऊ ती घेई, कडक बरणीत परत जाई. कडकाला आधी तेजाबात दोन दिवस मऊ करायचं म्हणजे कटकट, वरचे डॉक्टर बोंबलणार, आणि बहुतेक वेळा मऊ भागात सगळं कळतंच. बहुतेक वेळा. या बहुतेकमध्ये किती पाय बसतात, असा प्रश्न तिला पंधरा वर्षांत पडला नव्हता.

"काशीराम, एकशे चौदाची बरणी आहे का अजून?"

"महिनाभर ठेवतो ना बाई आपण." त्याने फडताळातून लोणच्याची जुनी बरणी काढली. आत, पिवळट पाण्यात, आवळ्याच्या फोडीएवढा एक तुकडा तळाशी बसला होता. वसुधाने तो चिमट्याने उचलला, पाण्याखाली धुतला आणि पांढऱ्या फरशीवर ठेवला. ठेवताना आवाज झाला. टक्. एवढाच. पण त्या आवाजासरशी वसुधा चाळीस वर्षं मागे अंधेरीच्या बाजारात गेली. आईचा हात, हिरव्या बांगड्या, नारळवाल्यापुढची रास. आई प्रत्येक नारळ कानाशी हलवी, बोटाच्या पेराने ठोकी आणि नारळवाला, कोणी धाकू म्हणून होता, वैतागून म्हणे, "बाई, नारळ घ्यायचाय का तपासायचाय?" आई म्हणे, वरनं कडक असला की आत काय आहे ते ठोकल्याशिवाय कळत नाही. वडिलांचा वेगळाच नाद, आंब्याचा. आंबा दाबून बघायचा, वर मऊ, आत कोय. वसुधाने तुकडा उलटा केला. एका बाजूला, जी स्नायूकडची बाहेरची कड होती, तिथे तो टणक होता, चक्क करवंटीसारखा. आतल्या बाजूला, जिथून काशीरामने गर काढून दिला होता, तिथे मऊ. हाडाचा खरा कॅन्सर आंब्यासारखा असतो, कडकपणा मध्यावर आणि कडेला मऊ, पसरणारा. हा नारळ होता. आणि तिने नारळाचं पाणी चाखून झाडाला कीड लागल्याचा रिपोर्ट दिला होता.

निदान तसं वाटत होतं. वाटण्यावर पाय वाचत नाहीत. तिने वर सर्जनला, विद्याधर सामंतांना, फोन लावला. "तळपदेबाई," ते म्हणाले, "शनिवारी तुम्हीच छातीठोकपणे लिहून दिलंत. आता नारळ म्हणताय?" नारळ हा शब्द तिच्या तोंडून निसटला होता. तिने सांगितलं, कड तपासलीच नव्हती, चूक माझी. "हे बघा," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचा पहिला रिपोर्ट खरा असेल आणि मी थांबलो, तर ते फुप्फुसात जाईल. पोरगं जाईल. रविवारपर्यंत लेखी द्या. नाहीतर सोमवारी आठला मी सुरू करतो. एक्स-रेचे फोटो पुन्हा काढून घेतो हवं तर." आता चूक दोन्हीकडून होऊ शकत होती. कॅन्सर नसताना म्हटला तर पाय, असताना नाही म्हटला तर मुलगा.

तुकड्याची पातळ चकती तेजाबात गेली आणि वसुधाच्या जिवाला चैन पडेना. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला घरी साबुदाण्याची खिचडी होती, कारण बाळचा उपास. बाळ म्हणजे तिचा नवरा, बँकेतला, गोल आणि आनंदी. लग्नानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला वसुधाने त्याला सांगितलं होतं की एका आजारात प्लीहा कापली तर आत अगदी असे दाणे दिसतात, आणि जायफळासारखं दिसणारं यकृतही असतं. तेव्हापासून त्याने नियम केला होता, पानावर बसल्यावर कुठल्याही अवयवाचं नाव घ्यायचं नाही. त्या रात्री तीच गप्प होती. मधूनच तिने पाण्याचा तांब्या ठोकला, मग टेबल, मग भिंत. "घर विकत घेतेयस का?" बाळने विचारलं. तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. सांगून टाकलं सगळं. बाळने ऐकून घेतलं, खिचडीचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे तू चुकलीस ही आनंदाची बातमी होईल?" होय, तसंच होतं ते. सव्वीस वर्षांत तिचा एकही रिपोर्ट परत आला नव्हता, या गोष्टीचा तिला गुपचूप, कुणाला न दाखवलेला गर्व होता. आणि आता ती देवापुढे हात जोडून आपण चुकलो असावं म्हणून गळ घालत होती. अशी प्रार्थना देवाला पहिल्यांदाच ऐकायला मिळत असेल.

शुक्रवारी काशीरामने तुकड्याला सुई टोचून पाहिली. "अजून नाही बाई. डाळ शिजायचीय." संध्याकाळी सुई आत गेली. शनिवारी तुकडा मेणाच्या वाटेला लागला. त्या दोन दिवसांत वसुधाने बाकीचे बावीस रिपोर्ट केले आणि प्रत्येक फॉर्मवरचं "नाही" वाचताना तिला गुणाजीचा आवाज ऐकू येत राहिला, तो मार नाय ना मॅडम. आपण माणसांना भेटत नाही म्हणून आपलं डोकं शांत राहतं असं ती मानत आली होती. कदाचित ते शांत नव्हतं, नुसतं एकटं होतं. मधेच एकदा ती उठून फडताळापुढे उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बरण्या. प्रत्येकीच्या तळाशी काहीतरी कडक, बाजूला ठेवलेलं. ती घाबरली, हे कबूल करायला हवं.

रविवार म्हणजे सव्वीस जानेवारी. हॉस्पिटलच्या आवारात झेंडा लागलेला, पलीकडच्या शाळेच्या भोंग्यावर गाणी चाललेली. काशीराम पांढरी टोपी घालून, झेंड्याला सलाम ठोकून आणि खिशात दोन बुंदीचे लाडू घेऊन आला. सुरी त्याने घरीच लावून आणली होती, फडक्यात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी. मशीनवर मेणाची वडी बसवली आणि चाक फिरवलं. करकर आवाज झाला. काशीरामच्या चेहऱ्यावरची एक शीर उडाली, पण चाक थांबलं नाही. "जाऊ दे," तो म्हणाला, "सुरी पुन्हा लावता येते." मग मान खाली घालून, "बाई, कडक मीच काढलं होतं बाजूला."

"मी बघत होते, काशीराम," वसुधा म्हणाली. "सुरी तुमची असेल. सही माझी होती."

काच हातात आली तेव्हा रंग अजून ओला होता. तिने कडेपासून सुरुवात केली. कडेला पक्कं हाड, थरावर थर, शिस्तीत. त्याच्या आत अर्धवट हाड, भोवती पेशींची सरळ रांग. त्याच्याही आत धागे, ओलं, कच्चं. आणि सगळ्यात मध्ये तीच शनिवारची धावपळ. ती पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली. मुलुंडला तिच्या गॅलरीतून रोज हेच दिसायचं. रस्त्याकडेच्या इमारती पुऱ्या झालेल्या, खिडक्यांत कपडे वाळत असलेले, त्यामागे परांच्या बांधलेल्या, आणि पार मध्ये खड्डे, सिमेंट, घमेली घेऊन पळणारी माणसं. शनिवारी तिने फक्त मधली पळापळ बघितली होती आणि दंगल झाली म्हणून पोलिसांना बोलावलं होतं. हे दंगेखोर नव्हते, गवंडी होते. चुकीच्या जागी घर बांधत होते बिचारे, पण बांधत होते. खुर्चीत मागे टेकून ती हसायला लागली. काशीरामने काही न विचारता एक लाडू तिच्यापुढे ठेवला.

मग तिने कोरा कागद घेतला आणि लिहिलं, एकशे चौदा नंबरचा माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. सामंतांना घरी फोन केला. ते म्हणाले, नव्या फोटोत कडेला बारीक रेघ आहे, कंकणासारखी, काल मला दिसली नव्हती, आता तुम्ही म्हणताय तर दिसतेय. आणि मग, एकदम वेगळ्या आवाजात, "बरं झालं हो बाई. लोकांना वाटतं मला पाय कापायला आवडतात."

सोमवारी सकाळी शेवंती आली. वर सामंत अजून राउंडला निघाले नव्हते, वॉर्डात कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. काल दुपारपासून उपाशी ठेवलेला गुणाजी काठी टेकत तिच्या मागे होता, त्याला आज विनोद सुचत नव्हता. शेवंतीच्या काखेत नवा कोरा पंचा होता, हळदीचं बोट लावलेला. "पाय नेऊक इलंय," ती म्हणाली. "गुंडाळूक ह्यो हाडलंय. चलात मां?"

वसुधाने घरून निघताना मनातल्या मनात एक लहानसं भाषण तयार केलं होतं, त्यात तो लॅटिन शब्दसुद्धा होता. ते सगळं ती विसरली. "न्या ना," ती म्हणाली. "पण गुंडाळायला नको. तो चालत येईल."

गुणाजीला आधी कळलं. तो भिंतीला टेकला आणि काठी खाली पडली. शेवंती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मग वसुधाने साध्या शब्दांत सांगितलं, कॅन्सर नाही, माझी चूक झाली होती, मला माफ करा, विश्रांती घेतली की गाठ हळूहळू निवेल. माफीचं शेवंतीने ऐकलंच नाही. ती तिथेच फरशीवर बसली, मुलाचं डावं पाऊल मांडीवर ओढून घेतलं आणि पाचही बोटं एकेक करून चाचपली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा बघतात तशी. गुणाजी रडत होता आणि मधेच म्हणाला, "मॅडम, मार्चात मुंबई जिल्हा स्पर्धा आहे." वसुधाने सहा महिने नाव काढायचं नाही म्हणून दम भरला. काशीराम मागून बोलला, "आणि मार लागला तर मार म्हणायचं, समजलं?" पंच्याचं काय करायचं, असा शेवंतीला खरोखरच प्रश्न पडला होता. शेवटी तिने तो मुलाच्या गळ्यात टाकला.

ती दोघं निघाली. वसुधा दारापर्यंत गेली, जिथे ती कधी जात नसे. लांबलचक बोळातून गुणाजी काठी टेकत चालला होता, आणि ती त्याच्याकडे नव्हे, त्या डाव्या पायाकडेच बघत होती. टाच उचलली जात होती, टेकत होती, पुन्हा उचलली जात होती. तिच्या टेबलावरून गेलेली कुठलीच गोष्ट आजवर अशी आपल्या माणसाला लागून परत गेलेली तिने पाहिली नव्हती. वळणाशी पाय दिसेनासा झाला तेव्हा ती आत आली, बाह्या वर सारल्या आणि फडताळाकडे बोट दाखवलं. "काशीराम, वरच्या फळीपासून सुरू करू. सगळ्या काढा."

काशीरामने बरण्यांकडे पाहिलं, मग सुरीकडे, आणि स्टूल ओढून घेतलं.